स्काउट की फ्रँकी: दोन अमेरिकी कादंबऱ्यांपैकी आधी कोणती वाचावी?

बायकांचं चहापान चाललंय. गुलाबी फ्रॉक घालून बसवलेल्या आठेक वर्षांच्या स्काउटला शेजारच्या मिस मॉडी विचारतात, "आज तुझी विजार कुठे गेली?" ती सांगते, "फ्रॉकच्या आत आहे." सगळ्या बायका हसतात. पोरीला विनोद करायचा नव्हता हे एकट्या मिस मॉडींच्या लक्षात येतं, त्या हसत नाहीत.

हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधला (1960) हा प्रसंग आवडला, तर पुस्तक आवडणारच. अलाबामातलं मेकोम्ब हे गाव, 1930च्या दशकातली मंदी. अ‍ॅलेक्झांड्रा आत्याचं म्हणणं, विजार घालून कुणी सभ्य बाई होत नाही. स्काउट म्हणते, फ्रॉकमध्ये मला काहीच करता येत नाही. त्यावर आत्या, विजार लागेल असलं काही तू करायचंच नाहीस! हा युक्तिवाद आपल्याकडच्या कितीतरी आत्यांच्या तोंडी शोभेल. गोष्टीच्या मध्यभागी मात्र टॉम रॉबिन्सन या निरपराध काळ्या माणसावरचा खटला आहे. त्या राज्यात तेव्हा बायकांना ज्यूरीतही बसता येत नसे. हे स्काउटचा वकील बाप अ‍ॅटिकस मुलांना सांगतो, तेव्हा आत्याच्या आग्रहामागे अख्खा कायदा उभा दिसतो.

कार्सन मॅककलर्स यांची 'द मेंबर ऑफ द वेडिंग' (1946) याच्या तुलनेत बारीक पुस्तक आहे, पण वाचायला जड. बारा वर्षांची फ्रँकी, ऑगस्टचा उकाडा आणि एक स्वयंपाकघर. घटना म्हणाल तर भावाचं लग्न, बस्स. फ्रँकीने उन्हाळ्याच्या सुरुवातीला केस पोरांसारखे बारीक कापून घेतलेत, उंची साडेपाच फुटांच्या जवळ गेलीय आणि तिने हिशोब मांडलाय: या वेगाने अठराव्या वर्षी आपण नऊ फुटांच्या वर जाऊ. जत्रेतल्या तंबूत पैसे देऊन बघायच्या माणसांत आपणही जमा होऊ, ही तिची धास्ती. महायुद्ध चालू आहे, तिला मुलगा होऊन लढायला जायचंय. आणि याच पोरीला लग्नासाठी भडक नारिंगी साटिनचा मोठ्या बाईचा झगा हवा असतो. तो घालून ती येते तेव्हा तिची कोपरं काळवंडलेली, खरखरीत. स्वयंपाकीण बेरेनीस तिला सुनावते, ऑगस्टमध्ये चालताबोलता ख्रिसमस ट्री बघायची मला सवय नाही. हसूही येतं आणि पोटात तुटतंही.

खरा फरक इथे आहे. स्काउटच्या पाठीशी बाप आहे. अ‍ॅटिकसला तिच्या कपड्यांची फिकीर नाही, त्यामुळे तिचं बंड वाचताना आपल्यालाही भीती वाटत नाही. फ्रँकीचा बाप घड्याळांच्या दुकानात गुंतलेला. तिला रीत मोडायची आहेच, पण त्याआधी कुणाचं तरी व्हायचंय, म्हणून ती भाऊ-वहिनीच्या जोडीत स्वतःला तिसरी धरून बसते. मला विचाराल तर मुलगीपणाचा जाच या पुस्तकात जास्त खोल आहे. स्काउट अजून लहान आहे, जगाने तिला पुरतं गाठलेलं नाही.

दोघी आईविना, दोघींना काळ्या स्वयंपाकिणींनी वाढवलेलं. मात्र बेरेनीसला चार नवऱ्यांचा संसार, निळा काचेचा डोळा आणि स्वतःची मतं आहेत. स्काउटकडची कॅल्पर्निया मात्र तिच्या, म्हणजे फिंचांच्या, घराबाहेर फारशी दिसत नाही, चर्चमधला प्रसंग सोडला तर.

घरात बारा-तेरा वर्षांचं कुणी असेल, तर मॉकिंगबर्ड आधी. वंशवाचक शिव्या आणि बलात्काराचा आरोप त्यात आहे, सोबत बसून वाचलेलं बरं. फ्रँकीच्या पुस्तकात हॉटेलच्या खोलीतल्या सैनिकाचा प्रसंग आहे, शेवटी एका लहान मुलाचा मृत्यूही. ते पंधरा-सोळाच्या पुढे. तुम्ही स्वतःसाठीच घेत असाल आणि वेगवान कथानकाचा हट्ट नसेल, तर मात्र थेट फ्रँकीच घ्या.

भाचीला मी यंदा स्काउट दिली आहे. फ्रँकी माझ्याच कपाटात आहे, आणखी दोन वर्षं राहील.