‘न वापरलेल्या’ डेकाट्रॉन नळ्या: पेटतात, पण मोजत नाहीत

‘जुना स्टॉक, न वापरलेल्या, तपासलेल्या’ अशा सहा डेकाट्रॉन नळ्या (म्हणजे मोजणी करणाऱ्या, वायू भरलेल्या काचेच्या नळ्या; आत पेटलेला ठिपका शून्य ते नऊ अशा दहा घरांतून गोल फिरतो). सहाही पेटल्या. घड्याळात बसवल्यावर मात्र दोघींचा ठिपका सातवर जाऊन बसला तो हलेचना. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: नळी पेटतेय ना, मग दोष तुमच्या सर्किटचा.

पेटणं वेगळं, मोजणं वेगळं. नेहमीच्या नळीत मधल्या अ‍ॅनोडभोवती 30 कॅथोड असतात: 10 मुख्य (दर आकड्याला एक), 20 गाइड (ठिपका पुढे ढकलणारे). पहिल्या आणि लगोलग दुसऱ्या गाइडला ऋण पल्स मिळाला की ठिपका एक घर सरकतो. पण नळी महिनोन्‌महिने एकाच आकड्यावर पेटत राहिली, तर त्या कॅथोडचा धातू उडून शेजारच्यांवर बसतो आणि ठिपका तिथे अडखळतो. जुन्या यंत्रातून उपटलेल्या नळ्यांचं दुखणं बहुधा हेच.

जाहिरातीतल्या व्हिडिओत अख्खं कडं गरगर फिरताना दिसतं. छान दिसतं, पण त्या वेगात चार पल्स हुकले तरी कळत नाही. सेकंदाला एक घर, आधी सुलट मग उलट, असा व्हिडिओ मागा. दर दहा पल्सनंतर ठिपका शून्यावर यायलाच हवा. टाळाटाळ झाली की समजून जा.

नळी हातात आल्यावर काच उजेडात धरा. आतून धुरकट थर दिसला, तर ती बरीच जळलेली आहे. ऑक्टल (आठ पिनांच्या) बेसच्या पिनांवर उभे ओरखडे, किंवा तारांच्या नळीला आखूड तारा आणि टोकाला सोल्डर, म्हणजे ‘न वापरलेली’ ही थाप. जीएस10सी मॉडेल सांगून जीसी10बी गळ्यात मारली जाते, तीही पिना मोजून पकडता येते: पहिलीत दहाही कॅथोडचा हिशेब बाहेर मिळतो, दुसरीत फक्त शून्याचा. घड्याळात सेकंद-मिनिटांसाठी सहावर रीसेट करायचं, म्हणजे ठिपका परत शून्यावर आणायचा असेल, तर दुसरी कुचकामी.

चाचणी त्याच दिवशी घ्या. जीसी10बीला 475 व्होल्ट आणि अ‍ॅनोडला 820 किलोओहम. करंट साधारण 0.35 मिलिअँपिअर. (कपॅसिटर रिकामा केल्याशिवाय हात घालू नका.) वर्षानुवर्षं अंधारात पडलेली नळी पेटायला वेळ घेते, दिव्याखाली ठेवून बघा, लगेच तक्रार नको. अडखळणारी नळी दोन दिवस सतत फिरवली तर पुष्कळदा सुधारते, पण आधी तिचा व्हिडिओ काढा, नाहीतर पैसे परत मागायला पुरावा उरत नाही.

आणि घड्याळात तासाची नळी एकाच घरावर तासभर बसते. दर मिनिटाला तिला दोन-चार फेऱ्या मारायला लावा.