पॅनल बदलून लाईट बिल कमी करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध रहा, सांगलीतला आमचा अनुभव

"जुना बोर्ड काढून नवा पॅनल बसवा, लाईट बिल ४० टक्के कमी येईल" असं सांगत कोण दारात आलं तर त्याला घरात घेऊ नका. (पॅनल म्हणजे मीटरकडून आलेली वीज घरात वाटणारी स्विचांची पेटी.) आमचे ४६ हजार गेले. पण पैशापेक्षा जास्त राग ह्याचा आहे की त्या लोकांनी घर आधी होतं त्याच्यापेक्षा धोक्याचं करून ठेवलं आणि कितीतरी महिने आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. घरात दोन लहान मुलं आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, लांबलं तरी वाचा.

आमचं घर गावभागात, जुनं. २०१९ च्या महापुरात खालच्या मजल्यावर स्विचबोर्डाच्या वर पाणी होतं, २०२१ ला परत पाणी आलं. पाणी उतरल्यावर बोर्ड उघडले, गाळ काढला, वाळवले आणि जे चालू झालं ते तसंच चालू ठेवलं, तेव्हा सगळ्या सांगलीत वायरमन मिळणं मुश्किल होतं. मीटरजवळ चिनी मातीचे कटआऊट, फ्यूज उडाला की तार घालायची, एवढंच. म्हणजे पॅनल बदलायची गरज आम्हाला खरंच होती, आणि हे लोक नेमकी अशीच घरं हेरतात, पूर येऊन गेलेली, जुन्या वायरिंगची, घरात दुपारी वयस्कर माणूस असणारी.

मे महिन्यात दोघंजण आले. गळ्यात कार्ड, हातात टॅब. महावितरणचे आहोत असं सरळ म्हणाले नाहीत पण बोलण्याची पद्धत अशी की समोरच्याला तसंच वाटावं. "काका, एनर्जी ऑडिट चालू आहे, आता सगळीकडे स्मार्ट मीटर बसणार, तुमच्या ह्या बोर्डावर तो टिकत नाही, मीटर जळाला तर भुर्दंड तुमच्यावर." ही सगळी भीती घालायची पद्धत आहे. मीटर महावितरणचा असतो, मीटरच्या पुढचं वायरिंग आपलं, आणि मीटर बदलायचा म्हणून अमुक माणसाकडूनच पॅनल घ्या असं कुणी सांगू शकत नाही. आमच्या सासऱ्यांनी, अण्णांनी, बिल दाखवलं. बिल बघितल्या बघितल्या तो म्हणाला, ३९० युनिट, काका निम्मी लाईट वाया चाललीय तुमची.

मग त्यांनी जे करून दाखवलं ते नीट समजून घ्या कारण सगळी फसवणूक त्याच्यावरच उभी आहे. आमच्याकडे घरघंटी आहे, एक एचपी मोटरची. ती चालू करायला लावली आणि तिच्या एका वायरीला चिमट्यासारखा मीटर लावला, त्याला क्लॅम्प मीटर म्हणतात, वायर न कापता किती अँपिअर करंट जातोय ते दाखवतो. आकडा आला ५.६. मग बॅगेतला एक डबा, वर हिरवा दिवा असलेला, त्याच लाईनला जोडला आणि आकडा झटकन ४.२ झाला. डबा काढला, परत ५.६. लावला, ४.२. "बघा काका, तुमच्या डोळ्यासमोर २५ टक्के कमी, पूर्ण पॅनल बसवल्यावर ४० टक्के." शंका घ्यायला जागाच नाही, कारण आकडा खरोखर कमी होतो, मीटर खरा आहे, हातचलाखी काही नाही.

खोटं आहे ते त्या आकड्याचा अर्थ सांगण्यात. डब्यात असतो कपॅसिटर. घरघंटी, पाण्याची मोटर, जुना पंखा असल्या मोटरच्या वस्तू थोडा जादा करंट ओढतात जो काम करत नाही, नुसता लाईनमधून येजा करतो. कपॅसिटर तो करंट तिथल्या तिथे पुरवतो म्हणून वायरीतले अँपिअर कमी दिसतात. पण घरगुती बिल अँपिअरवर येत नाही, ते येतं युनिटवर, म्हणजे प्रत्यक्ष जेवढी वीज खर्च झाली तेवढ्यावर, आणि मोटर दळायला जेवढी वीज घेत होती तेवढीच डबा लावल्यावरही घेते. कारखान्यात कपॅसिटर पॅनल असतात हे खरं आहे, कुपवाड एमआयडीसीत कुणालाही विचारा, पण मोठ्या लोडच्या कनेक्शनला बिलिंग केव्हीएएचवर, म्हणजे तो काम न करणारा करंटही धरून होतं, पॉवर फॅक्टर (ओढलेल्यातलं प्रत्यक्ष कामाला किती आलं ते प्रमाण) घसरला की पैसे जास्त लागतात, म्हणून त्यांना फायदा होतो. आपल्या घरच्या कनेक्शनला तो हिशोबच नाही. ही माणसं कारखान्यातल्या फायद्याचे फोटो घरोघरी दाखवत फिरतात.

दर ठरला ४६ हजार. नवा डीबी म्हणजे पॅनलची पेटी, एमसीबी म्हणजे फ्यूजच्या जागी बसणारे खटके, आरसीसीबी म्हणजे वीज गळली की लाईन तोडणारा स्विच, "एनर्जी सेव्हर" डबा आणि नवीन अर्थिंग. २५ हजार आधी आणि उरलेले २१ हजार, नीट वाचा, "बिल कमी आल्यावरच द्या". असं म्हटल्यावर कोणीही विश्वास ठेवेल. पण काम केलं मेच्या शेवटी. जुलैचं बिल आलं २८० युनिटचं, ३९० वरून थेट २८०, दुसऱ्याच दिवशी माणूस हजर, अण्णांनी पैसे दिले. आता सांगलीत मे महिन्यात कूलर आणि पंखे रात्रभर चालू असतात आणि पाऊस सुरू झाला की कूलर बंद, बिल उतरणारच. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात, जुनी बिलं काढून बघितली तर आदल्या वर्षी मेला ३८५ आणि जुलैला २८४. म्हणजे पॅनल नसतानाही तेवढाच फरक पडला होता. कुणी बिल कमी करून दाखवतो म्हणाला तर मागच्या महिन्याशी नाही, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. ऑक्टोबरला उकाडा वाढला आणि युनिट परत होते तिथे गेले, तोपर्यंत त्यांचा फोन बंद.

खरा प्रकार कळला तो दिवाळीनंतर. गीझरच्या प्लगजवळ करपल्यासारखा वास यायला लागला म्हणून आमच्या ओळखीच्या जुन्या वायरमन मामांना बोलावलं. सरकारी परवाना असलेले, वय झालंय पण हात अजून पक्का. पॅनलचं झाकण काढलं आणि ते काही बोलेचनात. मग मला म्हणाले, "वैनी, मुलांना जरा लांब बसवा आणि हिकडं या."

आरसीसीबी म्हणजे पॅनलमधला तो रुंद स्विच ज्याच्यावर टी लिहिलेलं छोटं बटण असतं. घरात आणायचा तो ३० मिलीअँपिअरचा, तेवढा करंट जरी कुठं जमिनीत, ओल्या भिंतीत किंवा माणसाच्या अंगातून जायला लागला तरी तो लाईन तोडतो. मामांनी टी बटण दाबलं. खटका खाली पडला. आणि घरातले सगळे दिवे चालूच, पंखा फिरतोय, फ्रीज चालू. त्या स्विचला फक्त वरून येणारी लाईन जोडली होती, खालून घराकडे एकही वायर गेली नव्हती, घराचा सगळा सप्लाय पाठीमागून मेन स्विचमधनं थेट नेला होता. स्विच नुसता दिसायला लावलेला. मी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले, कारण गेले कितीतरी महिने मुलं ओल्या पायानं बाथरूममधून बाहेर येऊन त्याच बोर्डाला हात लावत होती.

पुढं आणखी. गीझरची वायर जुनीच, दीड स्क्वेअर एमएमची, आणि तिच्यावर लावलेला एमसीबी ३२ अँपिअरचा. एमसीबी असतो वायर वाचवायला. दीडच्या वायरीला १६ च्या वरचा एमसीबी लावायचाच नाही, ३२ चा लावला तर वायर तापून करपेल पण एमसीबी पडणार नाही, आणि नेमकं तेच चाललं होतं, प्लगच्या मागचं इन्सुलेशन तपकिरी होऊन कडक झालं होतं. जुनी फ्यूजची तार तरी वितळली असती. एमसीबीवर आयएसआयचा शिक्का नाही. अर्थिंगची हिरवी वायर पॅनलमधून बाहेर काढून फरशीच्या खाली नेलेली, तिथं पाईप नाही, प्लेट नाही, काहीच नाही, मातीत नुसतं टोक.

आता मला सगळ्यात जास्त चीड ज्याची आहे ते सांगते. सप्लाय त्यांनी आरसीसीबीच्या बाहेरून का नेला असेल असं विचारल्यावर मामा म्हणाले, "लावल्यावर सारखा पडत आसंल, म्हणून काढला आसंल. पडत हुता म्हंजे घरात कुठंतरी लिकेज हाय." मग त्यांनी घरातली प्रत्येक वस्तू बंद करायला लावली, फ्रीजसुद्धा, पण एमसीबी सगळे चालू ठेवले आणि मीटरसमोर उभे राहिले. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो ना, त्याच्याशेजारी लिहिलेलं असतं एका युनिटला किती वेळा, आमच्या मीटरवर ३२०० आहे. सगळं बंद असताना तो दिवा लुकलुकायला नको. आमचा दर दहा सेकंदाला लागत होता. मामांनी एकेक एमसीबी खाली केला, पाण्याच्या मोटरचा खाली केल्याबरोबर दिवा थांबला. अंगणातल्या हौदाजवळ स्टार्टर आहे, तिथपर्यंतची केबल जमिनीतून गेलीय, पुराच्या पाण्यात दोनदा बुडालेली. मोटर बंद असली तरी स्टार्टरपर्यंत लाईन चालूच असते आणि मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावल्यावर कळलं की केबलचं इन्सुलेशन गेलंय, वीज रात्रंदिवस मातीत जात होती.

हिशोब साधा आहे, दहा सेकंदाला एक म्हणजे तासाला ३६० वेळा, ३६० भागिले ३२०० म्हणजे तासाला ०.११ युनिट, दिवसाला २.७, महिन्याला ८१ युनिट. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटला चढतात, त्यामुळे ही ८१ युनिट आमच्या बिलात सगळ्यात वरच्या, महागड्या टप्प्यातली होती, वर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे बिल खरंच फुगत होतं, कारण खरंच घरात होतं, आणि ते दाखवणारी वस्तू त्यांच्याच पॅनलमध्ये होती. ती आपलं काम करत होती, सारखी पडून सांगत होती की बाबांनो इथं गळती आहे. त्यांनी ती शोधली नाही, तिलाच बाजूला काढलं आणि पैसे घेऊन गेले.

हिरव्या दिव्याचा डबा मामांनी माझ्यासमोर फोडला. आत एक काळा कपॅसिटर, दिवा लावायला दोन-तीन बारके पार्ट आणि वजन वाटावं म्हणून सिमेंटसारखं काहीतरी ओतलेलं. फोडायच्या आधी मीच म्हटलं एकदा बघूया, तर घरघंटी मिनिटभर डब्यासकट चालवली आणि मिनिटभर डब्याशिवाय, दोन्ही वेळा मीटरचा लाल दिवा मोजला. दोन्ही वेळा ४५ च्या आसपास. ज्यांच्या घरात हा डबा आहे त्यांनी हे मोजून बघावं, वायरीला हात लावावा लागत नाही, पैसे लागत नाहीत.

मोटरची केबल बदलली, ज्या वायरी बदलायला पाहिजेत त्या बदलल्या, गीझरला ४ स्क्वेअर एमएम घेतली, आरसीसीबी नवा घेऊन नीट जोडला, अर्थिंग परत केलं. पुढच्या पूर्ण महिन्यात ८० च्या आसपास युनिट कमी आले. ते नव्या पॅनलमुळे नाहीत, गळती बंद झाली म्हणून आलेत. पॅनल स्वतः वीज वाचवत नाही. साध्या घरगुती वायरिंगमध्ये वायरीत तापून जाणारी वीज एकूण वापराच्या मानानं अगदी किरकोळ असते, त्यातून ४० टक्के कुठून काढणार? पॅनल बदलायचा तो शॉक आणि आग टाळण्यासाठी, आणि जुन्या घरात, त्यातून पूर आलेल्या घरात, बदलाच, माझं स्पष्ट मत आहे. बिल कमी करायचं तर गीझर, कूलर, जुने पंखे किती वेळ चालतात ते बघा. २ किलोवॅटचा गीझर अर्धा तास म्हणजे एक युनिट, जुना पंखा ७०-७५ वॅटचा, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा ३० च्या आसपास.

काम देताना विद्युत ठेकेदाराचा परवाना बघा, नंबर लिहून घ्या, पावतीवर एमसीबी किती अँपिअरचा, वायर किती एमएमची हे लिहून मागा. आमच्या पावतीवर "पॅनल सेट १ नग" एवढंच, जीएसटी नंबर नाही, पत्ता कोल्हापूरचा आणि त्या पत्त्यावर कोणी नाही, पैसे गेले कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. आमच्या गल्लीतल्या एकांना तर मीटरमध्येच सेटिंग करून देतो म्हणाले होते. तसलं काही मान्य करू नका, मीटरच्या सीलला हात लावला तर वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली चोरीचा गुन्हा कनेक्शन असणाऱ्यावर येऊ शकतो, हे लोक तोवर पसार. मीटरबद्दल शंका असेल तर महावितरणला १९१२ वर फोन करा, मीटर तपासून मिळतो.

आम्ही १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवलीय आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिलाय, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. पोलिसातही लेखी दिलंय. पैसे अजून मिळालेले नाहीत. ज्यांच्याकडे अशीच "पॅनल सेट १ नग" वाली पावती असेल त्यांनी ती फेकू नका, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि कॉलचे नंबर जपून ठेवा आणि स्वतःची वेगळी तक्रार द्या, तक्रारी जास्त असल्या की दखल घेतली जाते.

आणि ज्यांच्या घरात ह्यांनी पॅनल बसवलाय त्यांनी तक्रारीच्या आधी, आजच, पॅनलमधलं ते टी बटण दाबून बघा. खटका पडून घरातली लाईट गेली तर निदान तेवढं तरी ठीक आहे. खटका पडूनही दिवे चालू राहिले, किंवा खटका पडलाच नाही, तर मेन स्विच बंद करा, गीझर आणि मोटर वापरू नका, आणि परवाना असलेला वायरमन येऊन बघेपर्यंत मुलांना बोर्डाजवळ जाऊ देऊ नका.