आधी उंची विचारली, मग बजेट

"मुलाची उंची किती?"

नाशिकला कॅनडा कॉर्नरच्या या छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात खुर्चीत टेकल्या टेकल्या मला आलेला हा पहिला प्रश्न. त्याआधी शहरात दोन ठिकाणी जाऊन आलो होतो. एकीकडे चहा आणि सात देशांची चकचकीत पत्रकं मिळाली, दुसरीकडे "सर, बजेट काय धरलंय?" इथल्या ताईंना बजेट नंतर हवं होतं, आधी पोराचं माप. मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. माप विचारणारा माणूस मला आवडतो.

"असेल एकशेवीसच्या आसपास."

"आसपास चालत नाही दादा. घरी नीट मोजा आणि फोन करा."

आम्ही पाच जण. मी, बायको, आठवीतली मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांची आई. इमॅजिका दोनदा करून झालं होतं, त्यामुळे पोरांनी दिवाळीच्या सुट्टीसाठी सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओचा धोशा लावला होता. घरी जाऊन मी स्टीलची टेप आणि गुण्या घेऊन मुलाला दाराच्या चौकटीला उभं केलं. 120.5 सेंटिमीटर. फोनवर ताईंनी यादीच वाचून दाखवली: ट्रान्सफॉर्मर्सला 102 लागतात, ज्युरासिक पार्कच्या पाण्याच्या राइडला 107, ममीला 122, बॅटलस्टारच्या मोठ्या रोलर कोस्टरला 125. "म्हणजे दोन सोडून बाकी सगळं बसतंय. त्याला आत्ताच सांगून ठेवा, तिथे गेटवर रडारड नको." मी सांगितलं नाही. ऑगस्ट चालू होता, ऑक्टोबरपर्यंत पोरगं दीड सेंटिमीटर वाढेल असा माझा हिशोब होता. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

या ऑफिसची खरी कला म्हणजे काय घेऊ नका ते सांगणं. मी स्वतःहून एक्स्प्रेस पास मागितला होता. ज्या राइडला तो चालतो तिथे वेगळी छोटी रांग मिळते, पण त्याचा दर तारखेप्रमाणे बदलतो आणि पाच जणांचा मिळून आकडा बघितला तर पोटात गोळा येतो. ताई म्हणाल्या, मंगळवार घ्या, दहाला पार्क उघडतं तर साडेनऊला दारात उभे राहा, पास लागणार नाही. गुरुवार ते रविवार मला दाखवलेसुद्धा नाहीत, कारण ऑक्टोबरात काही संध्याकाळी तिथे हॅलोवीनचा वेगळ्या तिकिटाचा भुतांचा कार्यक्रम असतो आणि त्या दिवशी नेहमीचं पार्क लवकर मिटतं. दोन दिवसांचं तिकीटही नको म्हणाल्या. सात विभागांचं आटोपशीर पार्क आहे, एक दिवस पुरतो. आईसाठी साठीच्या पुढचं कमी दराचं तिकीट त्यांनी न सांगता लावलं होतं. कमिशन बुडवून घेणारा एजंट मी तरी पहिल्यांदा पाहिला.

पासपोर्टचं थोडक्यात सांगतो. आई आणि मुलाचे नवे काढायचे होते. साठीच्या पुढचे आणि आठ वर्षांखालचे यांना नव्या अर्जाच्या फीमध्ये दहा टक्के सूट असते, हे मला त्यांच्याकडून कळलं. आईचे 1500 ऐवजी 1350 लागले, मुलाचे 1000 ऐवजी 900. मुलाच्या अर्जाला अॅनेक्श्चर डी नावाचा संमतीचा फॉर्म लागतो, आईबाप दोघांच्या सह्यांचा. व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला येत नाही, ईमेलवर येतो, त्याची प्रिंट जवळ ठेवायची. आणि सिंगापूरला उतरण्याआधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते सरकारी साइटवर फुकट आहे, पण शोधायला गेलात तर त्याच नावाने पैसे उकळणाऱ्या साइट्स वर येतात. ताईंनी पाचही कार्डं आम्हाला समोर बसवून भरली.

आता खसखस.

निघायच्या आठ दिवस आधी त्यांनी आईला मुद्दाम ऑफिसात बोलावलं. "काकू, बॅगेत खायला काय काय घेताय?" आई खुशीत सांगायला लागली. चिवडा, शंकरपाळे, भाकरवडी, अनारसे, आणि खोलीवर वरण करता आलं तर असावा म्हणून घरचा गोडा मसाला.

"अनारशांना खसखस लावलीय?"

"खसखशीशिवाय अनारसा असतो का?"

"मग ते नाही नेता येणार. आणि मसाल्यात खसखस असेल तर मसालाही नाही."

आईला वाटलं चेष्टा चाललीय. पण अफूच्या बोंडातलं बी म्हणून खसखस सिंगापुरात अमली पदार्थांच्या नियमात अडकते, आणि विमानतळावर सापडली तर ती दिवाळीची आहे म्हणून कोणी सोडत नाही. आईचं यावर म्हणणं असं की मग तिथले लोक गोडधोडाला काय लावतात. अनारशांचा डबा शेजारी गेला. शेजारच्यांची दिवाळी चांगली झाली. मुलीचं च्युइंगगमही मी बाहेर काढलं, तेही तिथे चालत नाही. हा एक सल्ला मला कुठल्याच चकचकीत पत्रकात दिसला नव्हता, आणि यासाठी मी या ऑफिसला पाचाचे सहा तारे द्यायला तयार होतो.

एक कापला गेला तो खोल्यांमुळे. "लिटल इंडियात हॉटेल, दोन खोल्या, एकीत तिसरी गादी" असं कागदावर होतं. गादी म्हणजे घडीची खाट निघाली. ती उघडली की बाथरूमचं दार उघडेना, दार उघडायचं तर खाट मिटायची. रात्री आईला उठायचं झालं की मला आधी उठून खाट मिटावी लागे. सिंगापुरात खोल्या लहानच असतात हे मान्य, पण उंची सेंटिमीटरमध्ये विचारणाऱ्या माणसाने खोलीचं मापही विचारून घ्यायला हवं होतं. परत आल्यावर हे बोललो तर त्यांनी वाद घातला नाही. वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या कुटुंबाला तिथे पाठवणार नाही म्हणाल्या. पैसे मात्र परत केले नाहीत.

दुसरी कुरकुर पैशांचीच. कोटेशनमध्ये टीसीएस, म्हणजे पॅकेज विकणाऱ्यानेच आधी कापून घ्यायचा इन्कम टॅक्स, अगदी तळाला बारीक अक्षरात होता. परदेशी टूर पॅकेजवर आमच्या वेळी, म्हणजे 2025 च्या दिवाळीत, दहा लाखांपर्यंत पाच टक्के कापत होते. आमचं जीएसटी धरून पॅकेज 4,83,000 चं, त्यामुळे वर चोवीस हजार एकदम उभे राहिले आणि बायकोची भिशी तिथेच संपली. हा पैसा बुडत नाही, रिटर्न भरताना मिळतो, आणि नोकरदार माणूस आपल्या अकाउंट्सला कळवून पगारातल्या टीडीएसमध्ये वळताही करून घेऊ शकतो. पण हे पहिल्या भेटीत तोंडाने सांगायला हवं होतं.

प्रवासाचं बेस्ट. इगतपुरीला समृद्धीवर चढलो ते थेट आमण्याला उतरलो, कसाऱ्याचा घाट लागलाच नाही. रात्रीचं विमान, साडेपाच तासांत सकाळ. घड्याळ अडीच तास पुढे करायचं.

लिटल इंडिया का, तर तिथून मेट्रोची जांभळी लाइन न बदलता थेट हार्बरफ्रंटला जाते, पाचवं स्टेशन. कार्ड मात्र माणशी एक लागतं, एका कार्डावर पाच जण आत जात नाहीत. सेंटोसा बेटावर जायला मोनोरेलचे माणशी 4 डॉलर पडतात, पण ते फक्त आत जाताना. परतीला काही घेत नाहीत. म्हणून ताईंनी बजावलं होतं, जाताना बोर्डवॉकवरून चालत जा, येताना मोनोरेलने या. वर छप्पर आहे, मध्ये मध्ये सरकते पट्टे आहेत, आईचे गुडघेही काही बोलले नाहीत. वीस डॉलर वाचले, म्हणजे तेराशे रुपये. त्यातले निम्मे पोरांनी आत पाण्यासारखे उडवले ते सोडा.

पार्कमधलाही क्रम त्यांनी कागदावर लिहून दिला होता: उघड्यावरचं सकाळी, छताखालचं दुपारनंतर. ऑक्टोबरच्या शेवटी तिथे दुपारी पाऊस येतो, आणि विजा जवळ आल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. अगदी तसंच झालं. दीडच्या सुमाराला आभाळ गडगडलं, बाहेर राहिलेले लोक दुकानांच्या पडव्यांत दाटीने उभे, आणि आम्ही ट्रान्सफॉर्मर्सच्या रांगेत कोरडे. तशी ज्युरासिकच्या पाण्याने सकाळीच सगळ्यांना भिजवलं होतं, पण ते पैसे देऊन.

आईला वाटलं होतं आपण बाकावर बसून पिशव्या सांभाळायच्या. पण मिनियन लँडमध्ये, हा विभाग फेब्रुवारी 2025 मध्येच उघडलाय, एक गोल फिरणारं कॅरोसेल आहे, त्यावर ती नातवाबरोबर दोनदा बसली. रांगेत उभं राहून म्हणाली, "रामकुंडावर सिंहस्थात यापेक्षा जास्त वेळ उभी होते, आणि तिथे गार पाण्यात उतरायचं होतं." फिरताना डोळे मिटले होते का विचारलं तर नाही म्हणाली. फोटोत मिटलेले आहेत.

आणि ममी. बूट घालून धाकटा गेटवर उभा राहिला. तिथल्या पोराने मापाची पट्टी लावली, डोक्यावरचे केस हाताने दाबले, आणि हसत मान हलवली. बोटभरसुद्धा नाही, जेमतेम अर्धा सेंटिमीटर कमी. मी रोज पाच मायक्रॉनसाठी जॉब, म्हणजे मशीनवरून आलेला तयार भाग, रिजेक्ट करतो, सुपरवायझर "साहेब, डेव्हिएशनवर पास करा ना" म्हणून मागे लागतात आणि मी ऐकत नाही. तोच मी त्या पोरासमोर हात जोडून "जस्ट लिटल, जस्ट लिटल" करत होतो. बायको लांब उभी राहून बघत होती. तिने हे आता कंपनीतल्या माझ्या मित्रांना सांगितलंय.

धाकटा रडला नाही, गप्प बसला, ते जास्त वाईट होतं. ताईंनी ऑगस्टमध्येच सांगितलं होतं त्याला सांगून ठेवा म्हणून. शेवटी मुलगी एकटीच ममीत जाऊन आली आणि बाहेर येऊन त्याला म्हणाली, "आत नुसता अंधार आहे, काही दिसत नाही." खोटं बोलली, रात्री मला खरं सांगितलं.

जेवणाचे हाल झाले नाहीत. रात्री लिटल इंडियात सेरांगून रोडवर कोमला विलासमध्ये डोसा, 1947 पासूनचं शाकाहारी ठिकाण आहे. तीन रात्री तिथेच गेलो. चौथ्या रात्री आईने चिवडा काढला.

या ऑफिसात जायचं असेल तर सकाळी अकरानंतर जा. दोन ते चार बंद असतं, फोनही उचलत नाहीत. गाडी लांब लावा. मुलांना सोबत न्या. मोजायला त्यांच्याकडे आधी काही नव्हतं, मी स्टीलची टेप देऊन आलोय. उजव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये आहे, मागा.