मूनस्टोन आयलंड की ऊब्लेट्स? शेती, जीव आणि कार्ड एकाच गेममध्ये हवी असतील तर

शेती करायची, गावात ओळखी वाढवायच्या, रानातले गोंडस जीव गोळा करायचे आणि त्यांना घेऊन कार्डांचे सामने खेळायचे, हे सगळं एकाच गेममध्ये देणारे फार थोडे आहेत. त्यातही नीट पूर्ण झालेले आणि सहज मिळणारे म्हणून दोन नावं हमखास पुढे येतात: स्टुडिओ सुपरसॉफ्टचा ‘मूनस्टोन आयलंड’ आणि ग्लम्बरलँडचा ‘ऊब्लेट्स’. मूनस्टोन सप्टेंबर २०२३ मध्ये पीसीवर आला आणि जून २०२४ मध्ये निन्टेंडोच्या ‘स्विच’ या गेमिंग कन्सोलवर. ऊब्लेट्स जुलै २०२० पासून अर्धवट अवस्थेत खेळायला मिळत होता. सप्टेंबर २०२२ मध्ये तो पूर्ण झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) पोहोचला. दोन्हींची वर्णनं वाचली तर ते जुळी भावंडं वाटतात. खेळायला बसल्यावर मात्र दोन्हींचा स्वभाव पार वेगळा निघतो, आणि चुकीचा निवडला तर आठवड्याभरात कंटाळा येऊन गेम पडून राहतो.

फरक कुठे आहे ते आधीच सांगतो. मूनस्टोनमध्ये शेती लढाईसाठी राबते. ऊब्लेट्समध्ये लढाई शेतीसाठी राबते. बाकीचे सगळे फरक इथूनच निघतात.

जीव हाती कसा लागतो

मूनस्टोनमध्ये तुम्ही शिकाऊ किमयागार आहात. रीतीप्रमाणे वर्षभराच्या शिक्षणासाठी घर सोडून निघालेले. हवेत तरंगणाऱ्या शंभरावर बेटांवर ‘स्पिरिट’ नावाचे जीव फिरत असतात. एखाद्याला गाठलं की सामना सुरू होतो आणि त्या सामन्यातच त्याला खाऊ घालून माणसाळवायचं असतं. खाऊ म्हणजे तुम्ही पिकवलेलं किंवा बेटांवरून वेचलेलं काहीतरी. स्पिरिटच्या प्रकाराला मानवणारी वस्तू दिली की माणसाळण्याची पट्टी भराभर भरते, भलतीच दिली तर जेमतेम सरकते. तुम्ही खाऊ घालत असताना तो काही शांत बसत नाही, त्याचे हल्ले चालूच असतात. म्हणून नवा स्पिरिट पकडायला जाताना पिशवीत खाऊ भरपूर असावा आणि हातात बचावाची कार्डं असावीत. नवखे खेळाडू इथे नेमकं उलटं करतात. सगळ्यात जोरदार हल्ल्याची कार्डं घेऊन जातात आणि जो हवा होता त्यालाच दोन पाळ्यांत गारद करून बसतात.

ऊब्लेट्समध्ये कुणी कुणाला मारत नाही. सामना नाचाचा असतो. रानातला ऊब्लेट नाचायला तयार होण्याआधी तुमच्याकडे एखादी वस्तू मागतो: एखादं पीक, एखादा पदार्थ, रानात सापडणारं काहीतरी. ती दिली की सामना. जिंकलात की समोरच्याकडून बी मिळतं. ते बी शेतात पेरायचं, पाणी घालायचं, तण काढायचं, आणि काही दिवसांनी जमिनीतून तुमचा स्वतःचा ऊब्लेट उगवतो. नाचाची फी शेतातून येते आणि बक्षीस पुन्हा शेतातच जातं. हे चक्र इतकं घट्ट विणलेलं आहे की या प्रकारच्या गेममध्ये आम्हाला याहून चांगली मांडणी दिसलेली नाही. प्रत्येक जातीचे साधा, ‘अनयूज्वल’ आणि चमकदार ‘ग्लीमी’ असे प्रकार असतात. संग्रह पुरा करण्याचं वेड असलेल्यांना ग्लीमीचा शोध बराच काळ बांधून ठेवतो.

इथली नेहमीची चूक म्हणजे काढणी झाली की सगळा माल विकून टाकणं. सुरुवातीला गमीजची (हे इथलं चलन) चणचण असते, त्यामुळे मोह होतो. दुसऱ्या दिवशी रानातला ऊब्लेट नेमकं तेच पीक मागतो आणि ते पुन्हा पेरून उगवेपर्यंत थांबावं लागतं. प्रत्येक पिकाचे चार-पाच नग आणि रानातल्या प्रत्येक वस्तूचे थोडेफार नग बाजूला ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

कार्डांचा खेळ

निर्णय बहुतेकांचा इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

मूनस्टोनमध्ये तीन स्पिरिटांचा संघ उतरतो आणि त्या तिघांची कार्डं मिळून तुमचा डेक बनतो. वेगळा डेक बांधायचा नसतो, संघ बदलला की डेक बदलतो. दर पाळीला तीन एनर्जी मिळते आणि प्रत्येक कार्डाची किंमत तिच्यातून वजा होते. समोरच्या स्पिरिटला जीव (म्हणजे मार सोसण्याची ताकद) असतो आणि कवचही असतं. काही कार्डं जीव कमी करतात, काही कवच. कवच संपलं की तो गडबडतो, त्याची पाळी जाते आणि त्याला मारही जास्त बसतो. त्यामुळे दर पाळीला प्रश्न पडतो: आत्ता सरळ जीव घटवू, की एक पाळी कवचावर घालवून पुढची पाळी फुकटात मिळवू? समोर एकच दांडगा स्पिरिट असेल तर आधी कवच फोडणं जवळजवळ नेहमीच फायद्याचं. समोर दोन-तीन किरकोळ असतील तर एकेकाला संपवत जाणं बरं, कारण जितके कमी उरतील तितके हल्ले कमी.

स्पिरिट लेव्हल चढत जातो तशी नवी कार्डं मिळण्याची संधी येते. पुढे जाऊन संघ दुबळा होतो त्याचं कारण बहुधा इथे असतं. मिळेल ते कार्ड उचललं की डेक फुगतो, आणि एनर्जी तीनच असल्यामुळे हवं ते कार्ड हवं तेव्हा हाताला लागत नाही. तिघांची कार्डं एकमेकांना धरून असावीत. एक कवच फोडणारा, एक मार देणारा, एक सांभाळून घेणारा अशी साधी वाटणी ठेवली तरी मधला टप्पा आरामात पार पडतो. तिन्ही एकाच प्रकारचे घेतलेत तर त्या प्रकारावर वरचढ असलेल्या बेटावर किंवा मंदिरात अडकाल.

ऊब्लेट्समधला सामना म्हणजे गुणांची शर्यत. आधी ठरलेल्या गुणसंख्येला जो पहिला पोहोचेल तो जिंकला. कार्डांची किंमत ‘बीट्स’मध्ये असते. काही कार्डं सरळ गुण देतात, काही ‘हाइप’ वाढवतात (म्हणजे तुमच्या पुढच्या चालींना जास्त गुण), काही समोरच्याला ‘फ्लस्टर’ करून त्याच्या चालींचे गुण घटवतात, तर काही त्याचे गुण चक्क पळवतात. डेकमध्ये काही सर्वसाधारण चाली असतात आणि प्रत्येक ऊब्लेटच्या खास चाली त्याची लेव्हल वाढेल तशा उघडत जातात.

शर्यत असल्यामुळे इथे बचावाला फारसा अर्थ नाही. वेळेला आहे. हाइप पहिल्या एक-दोन पाळ्यांत चढवला तर पुढच्या प्रत्येक चालीवर वसूल होतो. शेवटच्या पाळीत खेळलेला हाइप वाया जातो. गुण पळवण्याचं उलट आहे: समोरच्याकडे काही जमा झाल्याशिवाय ते कार्ड खेळून हाती काही लागत नाही. एवढं ध्यानात ठेवलं तर बरेचसे सामने हातातून निसटत नाहीत. हा सोपेपणा लहान मुलांसोबत खेळणाऱ्यांना आणि कार्डगेमला बिचकणाऱ्यांना मानवतो. ज्यांनी ‘स्ले द स्पायर’सारखा डेक बांधण्याचा कार्डगेम मनापासून खेळला आहे त्यांना मात्र दहा-बारा सामन्यांनंतर इथे नवं काही सापडणार नाही. तशा खेळाडूंनी मूनस्टोनकडे वळावं, पण तिथेही डोकं पिंजून काढणाऱ्या डेकची अपेक्षा ठेवू नये. संघाची लेव्हल चढली की मूनस्टोनचे सामनेही सैल पडतात.

जग आणि भटकंती

मूनस्टोनची बेटं दर नव्या खेळात नव्याने मांडली जातात. त्यामुळे कोणती वस्तू कुठे मिळेल हे इंटरनेटवर शोधून उपयोग नाही. दुसऱ्याच्या नकाशातलं मंदिर तुमच्याकडे भलत्याच दिशेला असतं. बेटांवर खाणी, अंधारकोठड्या आणि कोड्यांची मंदिरं आहेत. सुरुवातीला एका बेटावरून दुसऱ्यावर फुग्याने तरंगत जायचं, पुढे उडता झाडू आणि ग्लायडरही येतो. फुगा संथ आहे आणि पहिले काही तास हाच संथपणा सगळ्यात जास्त खुपतो. एका फेरीत एकाच दिशेची बेटं घ्या आणि परतीची वेळ हाताशी ठेवून निघा. घर मात्र कोणत्याही बेटावर थाटता येतं, आणि ही मोकळीक फार मोलाची आहे. गावाच्या जवळ राहिलात तर रोजच्या भेटीगाठी सोप्या होतात, लांब राहिलात तर भटकंती.

बेटांची संख्या ऐकून हुरळून जाऊ नका, हेही सांगायला हवं. एकाच प्रकारच्या प्रदेशातली बेटं एकमेकांसारखी दिसू लागतात आणि निम्म्या खेळानंतर नव्या बेटावर उतरण्याची उत्सुकता ओसरते.

ऊब्लेट्सचं जग ठरीव आहे. बॅजटाउन हे मुख्य गाव, तिथेच तुमचं शेत, आणि महापौर टिन्स्टल यांच्या कामगिऱ्यांमधून मामूनिया, नलव्हेअर, पँट्साबेअर हिल्स असे प्रदेश एकेक करून उघडतात. जग लहान आहे पण प्रत्येक जागेचा थाट निराळा, आणि सगळ्यांचं ठरीव असल्यामुळे अडलात तर दुसऱ्याचं मार्गदर्शन जसंच्या तसं लागू पडतं. सुरुवातीला चारपैकी एक क्लब निवडायचा असतो आणि पहिला ऊब्लेट त्यावर ठरतो. यावर फार विचार करत बसू नका, आवडेल तो चेहरा घ्या.

शेती आणि रोजचं काम

शेतीत ऊब्लेट्स सरस. शेतात ‘ऊबकूप’ बांधून त्यात ऊब्लेट ठेवले की ते आसपासच्या वाफ्यांची कामं हातावेगळी करतात, त्यामुळे गोळा केलेले जीव शोभेपुरते उरत नाहीत. कूप वाफ्यांना लागून बांधा. शेताच्या कोपऱ्यात बांधलात तर त्याची मदत पिकांपर्यंत पोहोचणार नाही. कामगिऱ्या पुऱ्या करून मिळणाऱ्या ‘विशीज’ विशिंग विहिरीत खर्चायच्या असतात. त्यातून पिशवी मोठी करणं आणि पाककृती उघडणं आधी घ्या, सजावट नंतर.

ऊब्लेट्सचा खरा दोष मधल्या टप्प्यात जाणवतो. कथा पुढे नेण्यासाठी वस्तूंचे ढीग मागितले जातात आणि बनवण्याच्या यंत्रांना वेळ लागतो. दिवसेंदिवस पाणी घालणं, वाट पाहणं आणि गोळा करणं एवढंच उरतं. रोज अर्धा-पाऊण तास खेळणाऱ्याला हे खटकणार नाही. शनिवार-रविवार सलग बसणाऱ्याला नक्की खटकेल.

मूनस्टोनमध्ये शेती आहे, स्पिरिटांसाठी गोठ्यासारखी जागाही आहे, पण पिकाचं मोल ‘यातून कोण माणसाळेल, कोणतं औषध बनेल’ यावर ठरतं.

माणसं

मूनस्टोनमध्ये प्रेम जमवता येतं, ऊब्लेट्समध्ये फक्त मैत्री. मूनस्टोनची पद्धत मात्र विचित्र आहे: गप्पा, विनोद की लाडीगोडी यातून निवडायचं आणि प्रत्येकाच्या यशाची शक्यता टक्क्यांत समोर दिसते. शक्यता कमी असताना लाडीगोडी करणं टाळा, आधी गप्पा आणि भेटवस्तूंनी जम बसवा. संवाद लवकरच तेच ते वाटू लागतात. ऊब्लेट्सची माणसं जास्त जिवंत आहेत, पण त्यांचं बोलणं बनावट शब्दांनी आणि इंग्रजीतल्या शाब्दिक कोट्यांनी भरलेलं आहे. मराठीच काय, हिंदीतही दोन्हींपैकी एकही गेम नाही. इंग्रजी नुकतं वाचू लागलेल्या मुलासाठी घेत असाल तर मूनस्टोनचं सरळ इंग्रजी सोपं जाईल. चित्रांमुळे ऊब्लेट्स लहान मुलांचा वाटतो, पण वाचायला तो अवघड आहे.

घेण्याआधी

दोन्ही एकट्याने खेळायचे आहेत. भावंडांना एकत्र खेळण्यासाठी शोधत असाल तर यातला कोणताच नको. साध्या ऑफिस लॅपटॉपवर मूनस्टोनची पिक्सेल-चित्रं हलकी पडतात. ऊब्लेट्स त्रिमितीय आहे, त्यामुळे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर सेटिंग खाली आणण्याची तयारी ठेवा.

स्टीमवर घेतलात तर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. ते दोन तास नीट वापरा. मूनस्टोनमध्ये घर सजवत बसू नका. फुगा मिळवा, दुसऱ्या बेटावर उतरा आणि निदान एक स्पिरिट स्वतः माणसाळवून त्याच्यासह दोन-तीन सामने खेळा. फुग्याचा संथपणा सोसवत नसेल तर तिथेच थांबा, पुढचे बरेच तास तोच सोबतीला आहे. ऊब्लेट्समध्ये क्लब निवडून पहिला सामना जिंका, बी पेरा आणि ते उगवेपर्यंतचे दिवस शेतातली कामं करत काढा. ती वाट पाहताना मजा आली तर गेम तुमचा आहे. ‘आता पुढचा सामना कधी’ असंच मनात येत राहिलं तर पैसे परत घेऊन मूनस्टोन उतरवा.