धावत्या गाडीतून पुलाच्या पायाची तपासणी : उपयुक्त, पण एकट्याने पुरेशी नाही

नेहमीच्या रेल्वेगाडीच्या बोगीवर (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यावर) अ‍ॅक्सेलरोमीटर (हादरे मोजणारा) आणि जायरोस्कोप (झुकणं-वळणं मोजणारा) बसवायचे, जागेसाठी जीपीएस जोडायचं, बस्स. पाण्यात पाणबुडे उतरवायला नकोत, खांबावर वायरिंग नको. पायाखालची माती वाहून गेली की खांबाचा आधार मऊ पडतो आणि गाडी त्यावरून जाताना तो किंचित जास्त दबतो. बोगीच्या पुढेमागे झुकण्यात हा फरक उमटतो.

खरी अडचण वेळेची. ताशी १०० किमी वेगाने २० मीटरचा गाळा (दोन खांबांमधला भाग) पाऊण सेकंदातच मागे पडतो. त्यात रुळांचा खडबडीतपणा, डब्यातला भार आणि बदलता वेग मिसळतात, त्यामुळे एका फेरीवरून निष्कर्ष काढणं म्हणजे अंदाजपंचे. साधारण सारख्या वेगाच्या अनेक फेऱ्यांची सरासरी घ्या आणि पूल धडधाकट असतानाच्या नोंदींशी ताडून पाहा. या मूळ नोंदीच नसतील तर पैसे वाया. रुळांखालची खडी नुकतीच ठोकून घट्ट केली असेल, तर त्या नोंदीही नव्याने घ्याव्या लागतात.

पूर ओसरल्यावर खड्डा सैल गाळाने भरतो आणि नुसत्या डोळ्यांना, ध्वनिलहरींनी पाण्याखालचा तळ पाहणाऱ्या ‘सोनार’ यंत्रालाही, सगळं ठीक दिसतं. इथे ही पद्धत सरस, कारण ती खड्डा नव्हे, आधाराचा कणखरपणा जोखते. मात्र ऐन पुरात गाड्या थांबवल्या की माहितीही थांबते. आयर्लंडमधल्या मालाहाइडच्या रेल्वे पुलाचा एक भाग २००९ मध्ये गाडी पार होताच कोसळला. इतक्या झपाट्याने बिघडणाऱ्या खांबावर कायमचा झुकावमापक हवाच.