जुनी होडी: डांबर की फायबर?

नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरकलं की लाकडी होडी काठावर ओढायची, आणि मेहुण्याचा प्रश्न ठरलेला: गळू नये म्हणून यंदा डांबर की फायबर (काचतंतू आणि रेझिनचा थर)?

डांबर स्वस्त. पण दरसाल फटी खरवडा, कापूस ठासा, वरून गरम डांबर भरा, कंबर मोडते. फायबर महाग, काम मात्र एकदाच, असं म्हणतात. खरी मेख टिकण्यात आहे. लाकूड पाण्यात फुगतं, उन्हात आकसतं; फायबरचा कडक थर तसा हलत नाही, सुटतो. आत ओल कोंडून फळी कुजते आणि वरून सगळं चकाचक! आमच्या फायबर चढवलेल्या होडीच्या बुडात सळई टोचली, तर ओला भुसाच निघाला. डांबराची गळती निदान दिसते.

जुन्या फळ्यांची, रोज जाळ्यावर जाणारी होडी असेल तर डांबरच लावा. पाण्यात उतरवल्यावर रात्रभर काठाशी फुगू द्या. प्लायवूडची नवी असेल, तर फायबर.