लिनक्सचं पुस्तक निवडताना: शॉट्स, वॉर्ड की डेबियनचं हँडबुक?

लिनक्सचं पुस्तक घ्यायचं म्हटलं की तीन नावं हमखास पुढे येतात: विल्यम शॉट्स यांचं ‘द लिनक्स कमांड लाइन’, ब्रायन वॉर्ड यांचं ‘हाउ लिनक्स वर्क्स’ आणि राफेल हर्टझोग व रोलँड मास यांचं ‘द डेबियन ॲडमिनिस्ट्रेटर्स हँडबुक’. तिन्ही चांगली आहेत, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. शॉट्स टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करून, काम करायला शिकवतात. वॉर्ड मशीनच्या आत काय चाललंय ते दाखवतात. आणि डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराचं हँडबुक ज्याच्या गळ्यात दहा-वीस मशीन पडलीत त्याच्यासाठी आहे.

ब्राउझर, थोडंफार ऑफिसचं काम आणि सिनेमे एवढ्यासाठीच लिनक्स हवं असेल, तर यातलं एकही घेऊ नका. खरं तर कुठलंच घेऊ नका. डेस्कटॉपची चित्रं दाखवत शिकवणारी जाडजूड पुस्तकं सगळ्यात लवकर शिळी होतात. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते. २०११ मध्ये उबुंटूने युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप मुख्य केला आणि २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये तो सोडून पुन्हा नोम धरला. त्या दरम्यान छापलेल्या पुस्तकातली चित्रं आजच्या स्क्रीनशी जुळवत बसणं म्हणजे नुसता मनस्ताप. एवढ्या कामाला सिस्टिममधली मदतीची पानं पुरतात.

‘ऑपरेटिंग सिस्टिम’ एवढंच नाव असलेल्या अभ्यासक्रमाच्या ग्रंथांपासूनही नवख्याने लांब राहावं. त्यात शेड्यूलिंग, डेडलॉक, पेजिंग असतं; ऑपरेटिंग सिस्टिम बनवायची कशी, हा त्यांचा विषय. तो विषय उत्तमच आहे. टॅनेनबॉम यांच्या १९८७ च्या ग्रंथासोबत आलेल्या मिनिक्स या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हात बसवूनच लिनस टोरव्हाल्ड्स लिनक्स लिहिण्याकडे वळले. पण फाइलची परमिशन कशी बदलायची हे तिथे शोधायला जाऊ नये.

आधी साल बघा, पण सरसकट नाही

जुनं पुस्तक म्हणजे टाकाऊ, असं लिनक्सच्या बाबतीत म्हणता येत नाही. कुठला भाग जुना आहे त्यावर सगळं ठरतं. ग्रेप ही मजकूर शोधायची कमांड १९७० च्या दशकातली, तर बॅश हा कमांड चालवणारा शेल १९८९ चा. पाइप, रीडायरेक्शन, परमिशन, रेग्युलर एक्स्प्रेशन हे ज्याने पंधरा वर्षांपूर्वी शिकून घेतलं, त्याचं आजही काही अडत नाही.

मशीन चालू होताना सर्व्हिस (मागे चालणारे प्रोग्राम) कोण उठवतं, नेटवर्क कसं लावायचं, पॅकेज (तयार प्रोग्राम) कसं टाकायचं, हा मधला थर मात्र पार बदलला. सर्व्हिस उठवायला फेडोरा या लिनक्सने २०११ मध्ये सिस्टमडी घेतलं, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सने २०१४ मध्ये, डेबियन आणि उबुंटूने २०१५ मध्ये. त्याआधीच्या पुस्तकांत इनिटटॅब या फाइलवर आणि रनलेव्हलवर (जुन्या पद्धतीतल्या मशीन सुरू होण्याच्या पातळ्यांवर) पानंच्या पानं खर्ची पडलेली असतात. आजच्या बहुतेक मशीनवर ती फाइल नसते, असली तरी वापरात नसते.

म्हणून पुस्तक चाळताना मी मागची सूची आधी उघडतो. सिस्टमडीच्या सिस्टमसीटीएल आणि जर्नलसीटीएल या कमांड आहेत का? नेटवर्कसाठी आयपी ही कमांड आहे, की फक्त जुनी इफकॉन्फिग? डेबियनने २०१७ मधल्या नवव्या आवृत्तीपासून इफकॉन्फिगचं पॅकेज आपसूक टाकणं बंद केलं. त्यामुळे जुनं पुस्तक उघडून नेटवर्कच्या धड्यातली पहिलीच ओळ टाइप करावी, तर ‘कमांड नॉट फाउंड’. अनुभवी माणूस हसून पुढे जातो. नवख्याला मात्र वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं, आणि तो तासभर स्पेलिंग तपासत बसतो.

सेंटओएस या रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर बेतलेल्या पुस्तकांची गत आणखी वेगळी. सेंटओएस लिनक्स ८ चा सपोर्ट २०२१ च्या अखेरीस संपला, ७ चा जून २०२४ मध्ये. पुस्तक लगेच रद्दीत घालायची गरज नाही. त्याच घराण्यातल्या अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्सवर बरीचशी उदाहरणं चालतात. पण नव्या शिकणाऱ्याने मुद्दाम असं पुस्तक विकत घेण्यात अर्थ नाही.

शॉट्स

छापील पुस्तकाची पहिली आवृत्ती २०१२ ची, दुसरी २०१९ ची. ३६ प्रकरणं, पाचेकशे पानं. पीडीएफ लेखकाच्या साइटवर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळते, त्यामुळे पैसे घालायच्या आधी भाषा आपल्याला झेपते का ते बघता येतं. झेपते. वाचकाला काहीही येत नाही असं धरून लिहिलंय, आणि तरी कुठे लहान मुलाशी बोलल्यासारखं वाटत नाही.

या पुस्तकाचा खरा गुण म्हणजे कमांड सांगतानाच ती कुठे अंगाशी येते हेही लेखक सांगतात. फाइल पुसण्याच्या कमांडचंच बघा. ‘आरएम *.एचटीएमएल’ लिहिलं तर एचटीएमएल फाइली जातात. पण ताऱ्यानंतर चुकून एक स्पेस पडली, तर फोल्डरमधल्या सगळ्या फाइली जातात आणि वर ‘.एचटीएमएल’ नावाची फाइल सापडली नाही अशी तक्रारही ऐकावी लागते. तारा वापरायचा असेल तर आधी तेच एलएस लावून चालवा, यादी बघा, मग एलएसच्या जागी आरएम लिहा, असा शॉट्स यांचा सल्ला आहे. ही सवय लागली तरी पुस्तकाचा खर्च वसूल.

परमिशनचं प्रकरणही असंच नीट रचलेलं. ऑक्टल आकडे, यूमास्क (नव्या फाइलची परमिशन आधीच ठरवणारा), सूडो (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) असं सगळं झाल्यावर शेवटी एक छोटं काम येतं: बिल आणि कॅरेन या दोन यूजरना गाण्यांचं एकच फोल्डर वापरायचंय. ग्रुप बनवला, फोल्डरला परमिशन दिली, तरी एकाने टाकलेली फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही. मग नव्या फाइलला फोल्डरचाच ग्रुप देणारा सेटजीआयडी बिट का लागतो आणि यूमास्क का बदलावा लागतो, हे वाचकाला अडल्यावर कळतं. नुसती व्याख्या पाठ करून ते डोक्यात राहिलं नसतं.

उणिवा आहेत. छपाई आणि मजकुराची मांडणी यांवरची प्रकरणं आज फार थोड्यांच्या कामाची, बेलाशक गाळा. व्हीआय एडिटरचं प्रकरण मात्र कंटाळा आला तरी गाळू नका. आणि बूट, सर्व्हिस, डिस्कची मांडणी यांत हे पुस्तक खोलात शिरत नाही. टर्मिनल सफाईने चालवणारा, पण मशीन रीस्टार्ट झाल्यावर सर्व्हिस का उठली नाही हे न सांगू शकणारा वाचक त्यातून तयार होऊ शकतो.

वॉर्ड

तो वाचक वॉर्ड यांच्याकडे जातो. आवृत्त्या तीन: २००४, २०१४ आणि २०२१. तिसरीच घ्या. दुसरी सेकंडहँड बाजारात स्वस्त दिसते, पण ती नेमक्या संक्रमणाच्या काळातली आहे. सिस्टमडी, अपस्टार्ट आणि जुनं सिस्टिम व्ही असे सर्व्हिस उठवण्याचे तिन्ही प्रकार तिथे शेजारी शेजारी शिकवलेत. अपस्टार्ट आज शिकून काहीच साधत नाही. तिसऱ्या आवृत्तीत लॉजिकल व्हॉल्यूम आणि कंटेनरही आलेत.

सतरा प्रकरणांत कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), डिव्हाइस, फाइलसिस्टिम, बूट, यूजर स्पेस, प्रोसेस, नेटवर्क असा खालून वर जाणारा क्रम आहे. कमांड येतात, पण आतली गोष्ट दाखवण्याचं साधन म्हणून. परमिशनला इथे दुसऱ्या प्रकरणात जेमतेम काही पानं मिळतात. बिल-कॅरेनचा घोळ सोडवायला ती पुरत नाहीत. उलट पॉवर बटण दाबल्यापासून लॉगिन येईपर्यंत काय काय घडतं, हे इतकं सलग मी दुसरीकडे वाचलेलं नाही. फर्मवेअर ग्रब या बूट लोडरला उठवतं, ग्रब कर्नल आणि इनिटरॅमएफएस (सुरुवातीची तात्पुरती फाइलसिस्टिम) मेमरीत आणतं, कर्नल पहिली प्रोसेस सुरू करतं आणि तिथून सिस्टमडी सूत्रं हातात घेतं. मशीन अर्ध्यावर अडकलं तर कोणाच्या हद्दीत अडकलंय, एवढं कळलं तरी निम्मं काम होतं.

सर्व्हरवर हमखास येणारा एक प्रसंग घ्या. डिस्कवरची जागा दाखवणारी डीएफ ही कमांड म्हणते डिस्क भरली. फोल्डरचा आकार मोजणाऱ्या डीयूने फोल्डर मोजले तर बेरीज निम्मीसुद्धा होत नाही. कोणीतरी मोठी लॉग फाइल पुसलेली असते, पण ती उघडून बसलेली प्रोसेस अजून चालूच असते. नाव गेलं, आयनोड (डिस्कवरची फाइलची खरी नोंद) तसाच राहिला आणि जागाही अडली. एलएसओएफने ती प्रोसेस शोधायची, रीस्टार्ट करायची, की जागा मोकळी. कमांडची यादी पाठ असून हे सुचत नाही. फाइलचं नाव वेगळं आणि फाइल वेगळी, हे आधी डोक्यात बसलेलं असावं लागतं. आयनोड आणि लिंक काउंट वॉर्ड चौथ्या प्रकरणात समजावतात, एलएसओएफ आठव्यात येतं. सांधा तुम्ही जुळवायचा.

या पुस्तकाची तीच अट आहे. स्वाध्याय नाहीत, बोट धरून नेणं नाही. टर्मिनल कधी उघडलंच नसेल तर तिसऱ्या प्रकरणात, डिव्हाइस फाइलींपाशी, दमछाक होते.

डेबियनचं हँडबुक

मूळ फ्रेंच, पहिलं २००४ चं. २०१२ मध्ये लोकवर्गणीतून इंग्रजी झालं आणि खुल्या परवान्याखाली सगळ्यांसाठी मोकळं केलं गेलं. डेबियनवर तर ‘डेबियन-हँडबुक’ नावाचं पॅकेज टाकलं की पुस्तक मशीनवरच येतं. नेट बंद असताना याचं मोल कळतं.

फाल्कॉट नावाची एक काल्पनिक कंपनी आहे, उत्तम दर्जाची ध्वनियंत्रणा बनवणारी. तिचा कारभार वाढतोय आणि सगळी संगणकव्यवस्था डेबियनवर न्यायची आहे. इन्स्टॉलेशनपासून रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणं), बॅकअप, फायरवॉलपर्यंत सगळं या कंपनीच्या गरजेतून येतं. त्यामुळे हे ‘कसं करायचं’ याच्या आधी ‘हेच का निवडायचं’ याची चर्चा होते. बाकी दोन पुस्तकांत ती जवळजवळ नाहीच. पॅकेज हाताळणाऱ्या डीपीकेजी आणि ॲप्ट यांवरची पाचवं-सहावं ही प्रकरणं तर उबुंटूवाल्यांनीही वाचावीत. अर्धवट तुटलेलं पॅकेज, एका डेबियनवर दोन आवृत्त्यांचं मिश्रण, विशिष्ट पॅकेज अडवून धरणं, या सगळ्याची उत्तरं तिथे आहेत.

फेडोरा किंवा रेड हॅटच्या घराण्यात असाल, तर नेमका हाच उत्तम भाग तुमच्या उपयोगाचा नाही. शिवाय हे पुस्तक डेबियनच्या आवृत्तीला बांधलेलं आहे. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं, १३ ऑगस्ट २०२५ मध्ये. फर्मवेअरसाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा वेगळा विभाग १२ पासून आहे. जुन्या डेबियनवर बेतलेल्या प्रतीत तो नसतो, आणि वायफाय का चालत नाही याचं उत्तर बरेचदा तिथेच दडलेलं असतं. मुखपृष्ठावर कुठल्या डेबियनचं नाव आहे ते बघूनच वाचायला बसा.

मग घ्यायचं कोणतं?

अगदी नव्याने सुरू करणाऱ्याला मी शॉट्स सांगतो, पण शेवटपर्यंत वाचून मगच दुसरं उघडा असं नाही. पहिले दोन भाग हाताने टाइप करत झाले की वॉर्ड सुरू करावं. शॉट्स यांचा शेल स्क्रिप्टचा चौथा भाग खरोखर स्क्रिप्ट लिहायची वेळ आली की काढायचा. त्याआधी वाचला तर विसरला जातो. मॅकचं टर्मिनल रोज वापरणाऱ्या प्रोग्रामरने शॉट्स वगळून थेट वॉर्ड घ्यावं, परमिशनचं प्रकरण तेवढं उसनं घेऊन. हँडबुक विकत घेऊन कपाटात ठेवायचं नाही. पॅकेज टाकून ठेवा आणि अडेल तेव्हा तेवढंच पान उघडा.

पीडीएफ वाचणाऱ्यांनी एक सांभाळावं. कमांड कॉपी करून चिकटवू नका. मांडणी करताना साध्या डॅशचा लांब डॅश झालेला असू शकतो, सरळ अवतरणचिन्हं वाकडी झालेली असू शकतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, शेलला दिसतो. टाइप करण्याने हातही बसतो.

सर्टिफिकेटची परीक्षा देणार असाल तर हिशेब वेगळा. एलपीआयसी-१ या लिनक्सच्या सर्टिफिकेटच्या सध्याच्या पेपरांचे क्रमांक १०१-५०० आणि १०२-५०० आहेत, आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हेच आकडे दिसायला हवेत. रेड हॅटची आरएचसीएसए ही परीक्षा पूर्ण प्रात्यक्षिक असते. तिथे पर्यायांतून उत्तर निवडायचं नसतं, चालू मशीनवर काम करून दाखवायचं असतं, आणि केलेलं सगळं रीबूटनंतरही टिकलं तरच गुण मिळतात. तिच्यासाठी रेड हॅटच्या त्याच आवृत्तीवरचं परीक्षेचं पुस्तक लागतं. शॉट्स किंवा वॉर्ड त्याच्या जोडीला ठेवता येतील, त्याऐवजी नाही.